नोव्हेंबरातला हापूस

प्रकरण तसं एका दिवसाच्या पगाराचं. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेचं मतदान, आणि आमच्या ऑफिसातल्या एकाने मत दिलेलं नसताना दिलंय असं दाखवायला ग्रुपवर बोटाचा जुना फोटो टाकला. लगेच पकडला गेला. २३ तारखेला निकाल लागला, मग मुख्यमंत्री कोण यावर अख्खा महाराष्ट्र डोकं लावत बसला, ५ डिसेंबरला शपथविधीसुद्धा उरकला, तरी आमच्याकडे त्या बोटाचीच चौकशी चालू होती.

चौकशीला तिघं होतो, त्यातली मी एक. मी ॲडमिन बघते, म्हणजे मस्टर, गेटपास, गाड्या, चहाचं बिल, जे कुणाचंच नसतं ते सगळं माझं. कंपनीचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. पुण्याच्या आसपासचं एक मध्यम ऑफिस, मागे गोडाऊन, साठेक माणसं, एवढं पुरे. लिहायला बसले कारण तेव्हा आम्ही सगळे एकाच बोटाकडे बघत बसलो आणि त्याच ग्रुपवर त्याच दिवशी बाकी काय काय येऊन पडलं होतं ते मला फार उशिरा दिसलं.

सुरुवात मे महिन्यापासून करायला पाहिजे. लोकसभेला आमच्या भागात मतदान १३ मेला होतं, सोमवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवार भरपगारी, म्हटल्यावर काय होणार ते सांगायला नको. सहा-सात जण शुक्रवारी रात्रीच कोकणात पळाले, पळाले ते पळाले वर दिवेआगरच्या समुद्रातून रील टाकली, तीपण सोमवारी भर अकरा वाजता, गाणंबिणं लावून. मोठ्या साहेबांनी ती बघितली. साहेब मतदानाच्या बाबतीत कडक, सकाळी सातला रांगेत पहिले, त्यांना ते फार लागलं. खरं सांगायचं तर राग मलाही आला होता, कारण त्या सोमवारी अचानक आलेली एक गाडी उतरवून घ्यायला मत देऊन मीच धावत गोडाऊनला आले होते आणि ही मंडळी तिकडे लाटांमध्ये.

म्हणून नोव्हेंबरात, १८ तारखेला संध्याकाळी, एचआर मॅडमचा मेसेज आला. २० तारखेला मतदानानिमित्त भरपगारी सुट्टी राहील, मतदान केल्यावर शाई लावलेल्या बोटाचा फोटो संध्याकाळी ६ पर्यंत ग्रुपवर टाकणे, फोटो न आल्यास रजा बिनपगारी धरली जाईल. खाली अंगठ्यांची रांग लागली, दोन झेंडे, एक ‘गुड इनिशिएटिव्ह मॅम’. त्या अंगठ्यांमध्ये माझाही आहे, लपवत नाही.

फक्त एकाने अंगठा दिला नाही, स्टोअरवाले काका. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं, बोलणं कमी. दुसऱ्या दिवशी गेटपासची सही घ्यायला आले तेव्हा म्हणाले, “ताई, मत दिलं का नाही दिलं हे मी आणि ते मशीन बघून घेऊ, ऑफिसला बोट दाखवायला मी काय शाळेत आहे का नखं तपासायला?” मी हसले. मला वाटलं काकांचा नेहमीचा हट्ट.

नंतर चौकशीसाठी म्हणून मी कायदा काढून वाचला तेव्हा कळलं की हट्ट बरोबर जागी होता. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, कुठल्याही धंद्यात, कारखान्यात, आस्थापनेत कामाला असलेल्या आणि मत द्यायचा हक्क असलेल्या माणसाला सुट्टी द्यायची आणि त्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. रोजंदारीवाल्यालासुद्धा त्या दिवसाची मजुरी द्यायची. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की मत दिल्याचा पुरावा आणा मग पगार देतो. अट एकच, तुम्हाला मताचा हक्क पाहिजे, म्हणजे यादीत नाव पाहिजे. हक्क वापरला का नाही हा प्रश्न मालकाने विचारायचाच नाहीये. आणि त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये मतदानाच्या हक्काची व्याख्या दिलीय, त्यात मत देणं आणि मत न देणं दोन्ही धरलंय. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने नोटाचं बटण आणायला लावलं त्या निकालातही हाच धागा आहे. म्हणजे दिवेआगरवाले माझ्या नजरेत कितीही निर्लज्ज असले तरी त्यांचा सोमवार भरपगारीच होता. (मालकाने हे मोडलं तर दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत. आमच्याकडे एका मीटिंगच्या सामोश्यांचं बिल त्याच्या वर जातं.)

पण हे सगळं डिसेंबरातलं शहाणपण. २० तारखेला मी सकाळी मत देऊन आले आणि माझ्या बोटाचा फोटो टाकून मोकळी झाले. दिवसभर ग्रुपवर बोटंच बोटं. मेंदीवालं बोट, नवऱ्याच्या बोटाशेजारी बोट, बाळाच्या गालावर टेकवलेलं बोट, गाडीच्या स्टेअरिंगवरचं बोट. हाऊसकीपिंगच्या मावशींनीसुद्धा टाकला, त्यांना तर कुणी मागितलाच नव्हता, त्या ठेकेदाराच्या. मी फोन केला की मावशी तुम्हाला नाही लागू हे, तर त्या हळूच म्हणाल्या, “असू दे ताई, कुठंतरी नोंद ऱ्हाईल. आमच्याकडं म्हनत्यात, मत न्हाई दिलं तर लाडकी बहीणचे पंधराशे बंद हुनार.” मी सांगितलं, मत कुणाला दिलं, दिलं का नाही दिलं, याचा त्या पैशाशी काही संबंध नाही, तुमचं मत कुणाला कळतच नाही. “बरं,” म्हणाल्या, पण फोटो काही काढून टाकला नाही. त्या दिवसांत अशी भीती हवेतच होती. कुणाला यादीतून नाव उडाल्याची, कुणाला चुकून दुसरं बटण दाबलं जाण्याची, दोन शिवसेना दोन राष्ट्रवादी त्यामुळे काकांच्या घरी म्हणे आदल्या रात्री आजींची चिन्हांची उजळणी चालली होती, धनुष्यबाण यांचा, मशाल त्यांची, घड्याळ इकडे, तुतारी तिकडे.

आता मुख्य फोटो. अकाउंट्समधला एक जण, पस्तिशीचा, सहा वर्षं आमच्याकडे, टॅलीच्या बाहेर फारसं न बोलणारा. त्याचा फोटो आला ५ वाजून ४९ मिनिटांनी, मुदत संपायला अकरा मिनिटं बाकी. डावा हात, तर्जनी, नखाच्या वरपासून खालच्या पेरापर्यंत शाईची रेघ, सगळं नियमात. वीसेक अंगठे पडले. आणि मग सव्वासहाला डिस्पॅचच्या पोराने, जो दिवसभर रिकामा बसून सगळ्यांचे फोटो झूम करत होता, त्याने तोच फोटो कोपऱ्यात लाल गोल काढून परत टाकला. बोटाच्या मागे टेबल, टेबलावर स्टीलचं ताट, ताटात आंब्याच्या साली आणि चोखलेली कोय.

खाली लिहिलं होतं, “दादा, नोव्हेंबरात हापूस कुठनं आणला, आम्हालापण सांगा.”

पुढचा तासभर ग्रुपवर जे झालं ते इथे लिहित नाही. हसणारे चेहरे, स्टिकर, कुणीतरी त्याच्या प्रोफाइल फोटोला कोय जोडून दिली. पहिल्या मिनिटाला मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू, आंबा खरंच भारी पकडला होता. त्याचं उत्तर आलं वीस मिनिटांनी, “आम्ही आंबे डीप फ्रीजरला ठेवतो.” तिथे संपलं. म्हणजे तिथे त्याचं संपलं असं म्हणायला पाहिजे, कारण ‘जुना फोटो आहे सॉरी’ एवढं लिहिलं असतं तर प्रकरण झालंच नसतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी मी होते. तो आला, डावा हात खिशात. कप उजव्या हाताने घेतला, साखरेची पुडी एका हाताने फोडायचा प्रयत्न करत होता, दाताने फोडली शेवटी. डिस्पॅचचा पोरगा मागून आला आणि “दादा बघू की” म्हणत त्याचा हात खिशातून ओढून वर धरला, जसं कॅरमची मॅच जिंकल्यावर धरतात तसा. बोट स्वच्छ. सातआठ जण उभे होते. तो म्हणाला, “लिंबाने घासलं मी, घरात मुलगी घाबरते त्या काळ्या डागाला.” कुणी हसलं नाही तेव्हा, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्याचा कान असा लाल झाला होता की मी मशीनकडे तोंड करून नसलेली दुसरी साखर शोधत बसले.

ती शाई लिंबाला दाद देत नाही हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहितीय. म्हैसूरची सरकारी कंपनी बनवते, १९६२ च्या निवडणुकीपासून चालू आहे, फॉर्म्युला दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीतल्या मिठाला धरून बसतं आणि उन्हात गेलं की जांभळ्याचं काळं होतं. कातडीवरची जाते काही दिवसांनी, पण नखावरची नख वाढेपर्यंत तिथेच. म्हणजे एका रात्रीत कोरं झालेलं नख हा दुसरा पुरावा, आंब्यापेक्षा पक्का.

साहेबांनी शुक्रवारी मीटिंग बोलावली. त्यांच्या डोक्यात सरळ गणित, अकाउंट्सचा माणूस, कागद हातात असणारा माणूस, तो जर एका दिवसाच्या पगारासाठी बनावट पुरावा देतो तर उद्या व्हाउचरला काय करेल? काढून टाका. हा मुद्दा हलका नाही, मला आजही वाटतं की तो मुद्दा हलका नाही. पण कुणालातरी त्याचं ऐकून घ्यावं लागेल, कारणे दाखवा नोटीस, त्याचा खुलासा, मग निर्णय, असं आमच्या कन्सल्टंटने फोनवर सांगितलं म्हणून समिती झाली. मी, एचआर मॅडम आणि प्रॉडक्शनचे एक सीनियर सर. मी तिथेच म्हटलं की मॅडमचाच मेसेज आणि मॅडमच समितीत कशा, तर साहेब म्हणाले, “मग कोण, वॉचमनला बसवू?” हे वाक्य मी नंतर बऱ्याच वेळा आठवलं.

खुलासा त्याने हाताने लिहून दिला, दोन पानं, अकाउंटवाल्याचं सुवाच्य अक्षर. सकाळी साडेआठला नेहमीच्या शाळेत गेला, जिथे मेमध्ये मत दिलं होतं. बाहेर टेबल मांडून बसलेल्या कार्यकर्त्यांनी छापील यादीत नाव शोधलं, सापडलं नाही. आत गेला, दीड तास रांग, आतल्या अधिकाऱ्याच्या यादीतही नाही. मतदार कार्ड दाखवलं. ते म्हणाले कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव पाहिजे, बाजूला व्हा, मागे लोक आहेत. घरी आला. बायकोचं नाव माहेरच्या यादीत, ते अजून इकडे बदलून घेतलेलं नव्हतं, म्हणजे घरात एकाही बोटाला शाई नाही. दिवसभर मोबाइलवर ग्रुप वाजतोय, बोटांवर बोटं येतायत. घराचा हप्ता ५ तारखेला, बिनपगारी पडली तर सहा वर्षांत पहिल्यांदा पडणार, आणि वर साहेबांनी १९ तारखेला रात्री ग्रुपवर एका उमेदवाराचं भाषण टाकलं होतं, त्यामुळे त्याला असंही वाटलं की फोटो नाही आला तर आपण दुसऱ्या बाजूचे असं धरलं जाईल. शेवटचं वाक्य होतं, “मी गॅलरी उघडली तेव्हा फसवायचं डोक्यात नव्हतं, फक्त ६ वाजायच्या आत ग्रुपवर काहीतरी जायला हवं होतं.”

साहेबांचं ते भाषण. ते वाचून मी ग्रुप वर सरकवत गेले, १९ तारीख, मग परत खाली, २० चे सगळे फोटो पहिल्यांदा एकेक करून बघितले, त्याआधी मी नुसता मोजायला बघितले होते. आणि दुपारी १२ वाजून काही मिनिटांनी आलेला एक फोटो लागला. सेल्सचा माणूस. त्यात बोट होतंच, पण बोटाच्या मागे व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनची काच, काचेमागे उजेड आणि चिठ्ठी, चिन्ह दिसतंय. खाली साहेबांचा स्वतःचा अंगठा आणि एक हात जोडलेला.

मी फोन पालथा ठेवला टेबलावर. ती चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, मग तुटून खाली डब्यात पडते. सात सेकंदांत बोटासकट नेमका फोटो येतो म्हणजे कॅमेरा आधीच उघडून तयारीत गेला होता. मोबाइल तर मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत न्यायचाच नव्हता. आपण कुणाला मत दिलं ते गुप्त ठेवायचं हे मतदारावरसुद्धा बंधन आहे, आणि असल्या फोटोंवरून लोकांवर गुन्हे दाखल झालेल्या बातम्या दर निवडणुकीला पेपरात येतात. साठ माणसांच्या ग्रुपवर तो फोटो चार दिवस पडून होता आणि एकालाही त्यात काही खटकलं नाही, मला धरून. आंब्याची कोय मात्र पाऊण तासाच्या आत सापडली.

समितीत मी हा विषय काढला. प्रॉडक्शनचे सर म्हणाले, आपल्या चौकशीचा विषय तो नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. सेल्सवाल्याला मी बाजूला घेऊन विचारलं तर तो गोंधळला, “मॅडम, साहेबांनी भाषण टाकलं होतं ना, म्हटलं त्यांना बरं वाटेल.” त्याला खरंच कळलं नव्हतं. माझा राग त्याच्यावर राहिलाच नाही. एका मेसेजमध्ये पगार आणि बोट जोडलं, दुसऱ्यात साहेबांनी आपली पसंती सांगून टाकली, मग त्याने ते दोन्ही जोडून चिठ्ठीचा फोटो आणून दिला. ऑफिसने त्याच्या हातात तेवढंच दिलं होतं.

मग मॅडमनी जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं. दुसऱ्या बैठकीला त्या कलम १३५ ब ची प्रिंट घेऊन आल्या, माझ्याआधी त्यांनीच काढली होती, आणि म्हणाल्या, “मेसेज माझा, चूक माझी, मी लिहून देते.” त्यांना मेची रील लागली होती एवढंच. पण त्यांनी एक बारीक प्रश्न टाकला जो मला सुचला नव्हता. कायदा सुट्टी देतो हक्क असलेल्या मतदाराला. याचं नाव जर यादीतच नसेल तर हक्कच नाही, मग सुट्टी कायद्याने त्याची होती का?

म्हणून मी त्याला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर बोलावलं. निवडणूक आयोगाच्या साइटवर कार्डाचा नंबर टाकला, राज्य निवडलं, खाली ती वेडीवाकडी अक्षरं भरायची असतात ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मी चष्मा लावून भरली. पान फिरत राहिलं. तो डबा न उघडता बसला होता, त्याची भाजी आणि माझं लक्ष दोन्ही थंड. मग आलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, वय, विधानसभा मतदारसंघ तोच, यादी भागाचा क्रमांक वेगळा. मतदान केंद्र, एका हाउसिंग सोसायटीचं क्लब हाउस.

“ही तर आमच्या मागची सोसायटी,” तो म्हणाला. “तिथनं मी दूध आणतो.”

झालं असं होतं की तेव्हा एका केंद्रावर साधारण दीड हजारांच्या वर मतदार झाले की केंद्र फोडायचे, आणि २०२४ ला शहरांत सोसायट्यांच्या आवारातही केंद्रं दिली होती, राज्यभर मिळून १ लाख १८६ केंद्रं. त्याचा भाग शाळेतून उचलून क्लब हाउसमध्ये गेला. बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदारयादी बघणारा कर्मचारी, चिठ्ठ्या वाटायला आला तेव्हा घराला कुलूप असणार, दोघंही कामाला. शाळेतल्या लोकांनी त्यांच्या भागाची यादी बघितली आणि नाही म्हणाले, ते खोटं नव्हतं. १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावायचं किंवा मोबाइलवर बघायचं कुणी सुचवलं नाही आणि त्यालाही सुचलं नाही, नाव नाही म्हटल्यावर माणूस जरा खजील होतोच, आपलंच काहीतरी चुकलं असं धरून घरी जातो.

म्हणजे यादीत नाव होतं. हक्क होता. हक्क होता म्हणजे त्या बुधवारची सुट्टी भरपगारी त्याचीच होती, फोटो टाको न टाको. जे आपलंच आहे ते मिळवायला हा माणूस खोटं बोलला, ते पकडलं गेलं म्हणून दुसरं बोलला, मग लिंबाचं तिसरं. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि हळूच विचारलं, “म्हणजे मला मत देता आलं असतं?” पगाराचं त्याने विचारलंच नाही. मी हो म्हटलं. त्याने डबा बंदच परत पिशवीत ठेवला. साकोलीची सीट २०८ मतांनी आणि मालेगाव मध्यची १६२ मतांनी ठरली हे तेव्हा ताजं होतं, आमच्या इथे असं काही नव्हतं, फरक मोठा होता, पण मी ते त्याला सांगत बसले नाही.

निर्णय. साहेबांना नोकरीवरून काढायचं होतं ते त्यांनी मॅडमच्या कबुलीनंतर सोडलं, कारण कन्सल्टंटने त्यांना सांगितलं की ज्या अटीखाली तो खोटं बोलला ती अटच टिकणारी नाही, बाहेर गेलं तर आधी आपण उत्तर द्यायचं. मग म्हणाले दोन दिवस सस्पेंड. शेवटी लेखी ताकीद, फाइलला एक वर्ष. मी सही केली आणि त्या सहीबद्दल मला वाईट वाटत नाही. फोटोसाठी ताकीद नको होती माझ्या मते, पण डीप फ्रीजर आणि लिंबू या दोन गोष्टी त्याने स्वतः, कुणी धमकावलेलं नसताना, साठ जणांसमोर आणि मग आठ जणांसमोर रचल्या. अकाउंट्सचा माणूस आहे, साहेबांचा पहिला मुद्दा तेवढ्यापुरता खरा. हो, डिस्पॅचच्या पोरालाही बोलावून घेतलं मी, दुसऱ्याचा हात असा ओढून वर धरायचा नसतो हे सांगायला. तो म्हणाला, “ताई, मजेत.” त्याला काही लेखी नाही दिलं. द्यायला हवं होतं.

काकांचा एक दिवस बिनपगारी पडला होता, कारण त्यांनी फोटो टाकला नाही. मी त्यांना सांगितलं की अर्ज द्या, परत मिळतील. ते म्हणाले, “कापले तेव्हा अर्ज मागितला होता का?” मग मीच टाचण लिहिलं आणि डिसेंबरच्या स्लिपमध्ये एक ओळ आली, मागील कपात परत. काकांनी स्लिप घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. मत दिलं होतं का नाही ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि अहवालात मी एक परिच्छेद घातला होता, व्हीव्हीपॅटच्या फोटोचा आणि १९ तारखेच्या भाषणाचा. अंतिम प्रिंट सहीला आली तेव्हा तो नव्हता. विषयांतर म्हणून काढला असं सरांनी सांगितलं. मी दोन मिनिटं पेन धरून बसले आणि सही केली. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, मग तूपण आंबेच दाखवलेस की.

ग्रुपवरचे फोटो काढायचे ठरलं, पण सगळ्यांसाठी डिलीट करायची वेळ कधीच टळून गेली होती. मॅडमनी तो ग्रुपच बंद केला आणि नवा काढला, फक्त नोटिशींसाठी, ज्यात कुणाला लिहिता येत नाही. साहेब आता भाषणं टाकत नाहीत, निदान तिथे नाहीत.

एक राहिलं. साहेबांचं ते वॉचमनचं वाक्य. गेटवर आमचे दोन गार्ड, ठेकेदाराचे, बारा-बारा तासांची ड्यूटी. त्यांच्याकडून बोटाचा फोटो कुणी मागितला नव्हता, मग सुट्टीचा प्रश्न कुठून येणार. मी २० तारखेचं गेटचं रजिस्टर काढलं. दिवसपाळीचा गार्ड, आत सकाळी ८, बाहेर रात्री ८, मधे कुठेही सही नाही. मतदान ७ ते ६. त्याचं नाव पलीकडच्याच वॉर्डात, चालत पंधरा मिनिटं. कलम १३५ ब त्यालाही लागू आहे, फक्त त्यात एक पळवाट आहे की ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल त्याला ही सुट्टी लागू नाही, आणि सिक्युरिटीवाले सगळे ठेकेदार तिथेच जाऊन बसतात. निदान काही तास सोडा असं कामगार खात्याचं परिपत्रक निवडणुकीच्या वेळी असतं. मी ठेकेदाराला पत्र टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, सदर कर्मचाऱ्यास दुपारी २ ते ४ मतदानासाठी सवलत देण्यात आली होती.

गार्डला ते दाखवलं. तो वाचून हसला आणि डावा हात पुढे केला, “बघा ना मॅडम, दोन ते चार गाडी खाली होत होती, तुम्हीच तर फोन केला होता मला, गेट उघड म्हणून.”

केला होता मी. रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स आणि ठेकेदाराचं पत्र, दोन्ही एका पिनेने लावून माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहेत.